नसलेल्या साकवाची लाकडं

३ जून १९४२, कशेळे

सरकारला भीती वाटली एप्रिलात, हुकूम निघाला मेमध्ये आणि आम्ही हललो जूनमध्ये. कोलंबोवर बॉम्ब पडले तेव्हा ठाकूरद्वारची अर्धी माणसं ट्रंका घेऊन गावोगाव पळाली होती. ती आता कंटाळून परत आली, आणि आम्ही मात्र आज सहाशे चाळीस रुमाल घेऊन रानात येऊन पडलो. रुमाल म्हणजे खिशातले नव्हेत, लाल कापडात बांधलेली दप्तरं. त्यांत निम्म्या इलाख्यातले पूल, ओढ्यांवरचे लाकडी साकव, विहिरी आणि पायवाटांचे अर्ज आहेत. जपानी लोकांना त्यांचं काय करायचं होतं ते मुख्य साहेबांनाच ठाऊक.

कर्जत स्टेशनवरून चौदा बैलगाड्या. धुळीने माझा काळा कोट भगवा झाला. खात्याचा दुसरा भाग चौक गावी गेला, तिथला माझ्याच हुद्द्याचा प्रधान हमरस्त्यावरच्या बंगल्यात बसून पुण्याच्या मोटारी बघत असेल. माझ्या वाट्याला नदीकाठचं एका व्यापाऱ्याचं भाताचं कोठार. जमीन मातीची, भिंत कुडाची, वास उंदरांचा. हाताखाली एकच कारकून, गुप्ते. वय सव्वीस, अक्षर बरं, आणि दिसेल त्याच्याशी बोलत बसायची खोड.

मार्चमध्ये सुपरिंटेंडेंटची जागा रिकामी होते. दप्तर कोरडं राखून परत नेलं तर ती माझी आहे, असं साहेब निघताना जवळजवळ म्हणाले. तेवढ्यासाठी हे सोसायचं.

५ जून

खालच्या थराच्या तीन रुमालांना वाळवी लागली. दोन दिवसांत! मुंबईची वाळवीसुद्धा इतकी हावरट नाही. मांडण्या हव्यात. रीतसर मागणी केली तर तीन प्रती, दोन स्मरणपत्रं आणि सप्टेंबर.

गुप्त्याने बातमी आणली की भैरीच्या देवळामागे उत्तम सागाचे लांब वासे रचून ठेवलेत, वीस-बावीस तरी. हिरामण सुताराला घेऊन बघायला गेलो. हा हिरामण इथला एकटाच सुतार, त्यामुळे स्वतःला विश्वकर्मा समजतो. वाशांना हातसुद्धा लावीना.

"रावसाहेब, ही साकवाची लाकडं हायेत."

"कुठे आहे साकव?"

"आता नाय. पावसात नसतो. दसऱ्याला घालत्यात, मिरगाच्या आदी काडत्यात. नायतर नदी घेऊन जाते."

म्हणजे साकव नाही, आणि त्याची लाकडं मात्र आहेत! नसलेल्या साकवाची लाकडं वापरायला कोणाची परवानगी घ्यायची, असं मी त्याला विचारलं. म्हणाला, पळसवाडीच्या बुधाजीची. या लोकांशी बोलताना डोकं बाजूला काढून ठेवावं लागतं.

६ जून

पळसवाडी नदीपलीकडे. वीस-बावीस घरं, सगळी भातशेतीवाली. तिथला पुढारी बुधाजी आज पाण्यातून चालत आला. साठीचा, अंगावर एक लंगोटी आणि खांद्यावर घोंगडी, पण बोलणं असं की जणू संस्थानिकच. प्रत्येक वाशावर काहीतरी कोरलेलं होतं. कोयता, मासा, पंजा, चूल. मला वाटलं पोरांचा उद्योग असेल. तर म्हणे घरटी एक वासा, आणि त्यावर त्या घराची खूण. ज्याचा वासा मोडेल त्याने नवा आणायचा. आजोबांच्या वेळेपासून चालत आलेलं आहे म्हणे. आता नवा मिळतही नाही, कारण रान सरकारचं, एक फांदी तोडली तरी शिपाई धरतो.

युद्धाच्या काळात जागेवर मिळेल ते साहित्य घ्यावं असं माझ्या हुकुमात लिहिलेलं आहे. ते मी त्याला वाचून दाखवणार होतो. गरजच पडली नाही. त्याने उलट मलाच विचारलं, "या रुमालांत पुलासाकवाचं कागद हायेत ना? तलाठी सांगत हुता."

"आहेत."

"मंग आमचाबी अर्ज असंल त्येच्यात. दगडी खांब द्या म्हून दिला हाय. म्हंजी पावसातबी साकव काडाया नको. तेरा वर्सं झाली." मग मागे वळून त्याच्या बरोबरच्या दोघांना म्हणाला, "घेऊ द्या रं. आपलाच कागद भिजंल नायतर." आणि मला म्हणाला, "पावसापुरती घ्या, रावसाहेब. पन दसऱ्याला पायजेत बगा. माजी सून दिवाळीला मोकळी व्हायची. सुईन ऱ्हाते अल्याड, या कशेळ्यात. मोतीबाई. म्हातारी हाय, ती काय पान्यात उतरत नाय."

मी म्हटलं, बरं. आणखी काय म्हणणार? त्याने तेवढ्यावर हात जोडले. लेखी काही मागितलंसुद्धा नाही. अशा माणसांचे अर्ज तेरा वर्षं पडून राहतात यात नवल ते काय.

८ जून

हिरामणने वासे न कापता सुंभाने आडवे-उभे बांधून मांडण्या उभ्या केल्या. गुरांचा गोठा वाटतो. म्हणे, सोडायला सोपं.

दूध पलीकडून येतं. आणते ती बुधाजीची सून सुंदरा. नवरा पलटणीत आहे, कुठे आहे ते तिला नीट सांगताही येत नाही. नदीतल्या खडकांवरून डोक्यावर चरवी घेऊन येते, पोट जरासं पुढे आलेलं. आज चरवी ठेवून सरळ आत शिरली आणि वाशांवरून हात फिरवत चालली. मी ओरडलो. दाराशी 'आत येण्यास मनाई' अशी पाटी आहे, पण वाचणार कोण?

"आमची फनी बगते," म्हणाली. तिच्या घराची खूण फणी. सासूने कोरलेली, आणि सासू तीन वर्षांमागे गेली. सापडली तेव्हा बाई इतकी हसली की जणू माहेरचं माणूस भेटलं. लाकडावरची फणी, त्यात एक दात तुटका. बायकांना कशाने आनंद होईल सांगता येत नाही.

१४ जून

पाऊस लागला. नदी काठोकाठ. पळसवाडी आता चार महिने तुटली, इकडचं कोणी तिकडे नाही आणि तिकडचं इकडे नाही. दुधासाठी व्यापाऱ्याच्या म्हशीवर आलो. गुप्ते काठावर उभा राहून पलीकडे बघत होता. विचारलं, काय दिसतं? म्हणाला, काही नाही, धूर दिसतो.

१७ जून

हिरामणचा गोठा कोसळला. सुंभ भिजून सैल झालं आणि वरचे नव्वद रुमाल खाली चिखलात. नाशिकची एक अख्खी विहीर पुसून गेली. माझा संताप अनावर झाला. तिथल्या तिथे हुकूम दिला की सगळे वासे पाच-पाच फुटांवर कापा, चिरून फळ्या करा, खिळे ठोका, आणि मला सरकारी कचेरीत शोभतील अशा मांडण्या द्या.

हिरामण म्हणाला, "कापलं की साकव नाय व्हायचा, रावसाहेब. नदी पंचवीस फूट हाय."

मी म्हटलं, मला नदीची रुंदी नको सांगूस, मांडणीची सांग.

करवत टेकवून बसून राहिला. दुसरा सुतार कर्जतहून आणतो, आणि तुझं नाव मामलेदाराला कळवतो, असं म्हटल्यावर उठला. मग संध्याकाळपर्यंत करवतीचा आवाज. गुप्ते कानात कापूस घालून कागदांच्या नकला करत बसला होता, किंवा तसं दाखवत होता.

२१ जून

मांडण्या झाल्या. बावीस. एकेकीवर नंबर घातला आणि डेडस्टॉक रजिस्टरात, म्हणजे सरकारी सामानाच्या यादीत, चढवल्या. आता इथे कोणी मुंबईचा माणूस आला तर त्याला लाज वाटणार नाही. फळ्यांवर अर्धे मासे आणि अर्धे कोयते तेवढे दिसतात, पण रुमाल ठेवले की झाकतात.

१९ ऑगस्ट

मुंबईत धरपकड, टपाल आठ-आठ दिवस बंद. इथे नुसता पाऊस. वेळ जात नाही म्हणून रुमाल लावायला घेतले, आणि गुप्त्याने पळसवाडीची फाईल शोधून काढली. आनंद असा की जणू स्वतःचं लग्न ठरलं.

अर्ज एकोणतीस सालचा. त्यावर दर वर्षी एकच शेरा, 'स्थळपाहणीचा अहवाल यावयाचा आहे.' अक्षर माझंच. पाहणी करणारा अधिकारी आमच्या खात्यात नाही, ज्या खात्यात आहे त्यांना आम्ही लिहायचं, आणि त्यांनी आम्हाला लिहायचं. माझ्या शेऱ्यात एका अक्षराची चूक कोणी दाखवावी.

गुप्ते म्हणाला, "रावसाहेब, नदी खिडकीतून दिसते. तुम्हीच पाहणी करून टाका की."

मी त्याला कामाची वाटणी समजावून सांगितली. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि फाईल सात नंबरच्या मांडणीच्या वरच्या फळीवर, अगदी कोरड्या जागी ठेवली.

२० ऑक्टोबर

काल दसरा झाला. आज सकाळी बुधाजी बारा माणसं घेऊन आला. सगळे छातीपर्यंत भिजलेले, खांद्यावर दोर. मला सोनं द्यायला आपट्याची पानं आणली होती, तीही ओली. मी ती घेतली. नाही म्हणणं बरं दिसलं नसतं.

मग म्हणाला, "न्यायची ना लाकडं?"

मला खरोखर वाटलं होतं की हे लोक विसरतील. मी सांगायला सुरुवात केली, पण तो तोवर आत गेला होता. पाटी त्यालाही वाचता येत नाही. बारा माणसं मांडण्यांमधून फिरली. कोणी ओरडलं नाही. ओरडले असते तर मला बोलायला सोपं गेलं असतं. एकाने आपला अर्धा मासा एका मांडणीवर शोधला आणि उरलेला अर्धा दुसरीवर, आणि दोन्हींवर हात ठेवून हात पसरून उभा राहिला.

बुधाजी बाहेर येऊन म्हणाला, "कापली व्हय."

मी म्हटलं, या मांडण्या आता सरकारी मालमत्ता आहेत. रजिस्टरात आहेत. हवं तर अर्ज कर.

"अर्ज हाय की. आतच हाय."

"मग दुसरा कर. नवी लाकडं द्या म्हणून."

"सुनेला पंदरा दिस ऱ्हायले, रावसाहेब. पानी पार पूस म्हयन्यात उतरंल."

मी म्हटलं, मुंबईला लिहितो. त्यावर पुन्हा हात जोडले! माझ्या शब्दावर याआधी इतका विश्वास फक्त माझ्या आईने ठेवला होता, आणि तिलाही वाचता येत नव्हतं.

२३ ऑक्टोबर

गुप्त्याने मसुदा केला आहे. मांडण्या मोडीत काढून तेवढं लाकूड खात्याने पळसवाडीला द्यावं, काम निकडीचं, बाळंतपणाचा उल्लेख वगैरे. इंग्रजी चांगलं आहे.

सही केली नाही. इथे खरं ते लिहून ठेवतो, कारण ही वही कोणी वाचत नाही. पत्र गेलं तर पहिला प्रश्न येणार की लाकूड कोणाच्या मंजुरीने घेतलं, आणि घेतलं ते घेतलं, कापलं का? असा प्रश्न एकदा फाईलवर आला की मार्चची जागा चौकच्या प्रधानाला. त्या प्रधानाला, ज्याला 'अनुदान' शब्द धड लिहिता येत नाही!

आणि बायका बाळंत होतातच. नदी होती त्याआधीपासून होत आहेत. मसुदा खणात ठेवला. गुप्त्याला सांगितलं, टपालात टाकला.

११ नोव्हेंबर

दिवाळी गेली. घरून आलेल्या करंज्या दगड झाल्या होत्या. परवा अवेळी पाऊस झाला आणि नदी पुन्हा फुगली.

आज सकाळी ओसरीवर चहा घेत बसलो असताना पलीकडून आरडाओरडा. बघतो तर चौघे जण एक बाज डोक्यावर घेऊन पाण्यात उतरलेले. बाजेवर कोणीतरी गोधडीत. इकडच्या काठावर एक म्हातारी दोन्ही हात हलवत ओरडत होती, "हळू रं, हळू रं बाबांनो!" काय थाट! भैरीची काही पालखीबिलखी असावी, या लोकांना सणाला निमित्त लागत नाही. पाणी त्यांच्या गळ्याला आलं. मध्यावर ते थांबले. चांगली पाच-सात मिनिटं बाज तशीच धरून उभे. मग परत फिरले.

इतकं जमवून अर्ध्यातून परत. हेच यांचं सगळ्या बाबतीत. तडीला काही न्यायचं म्हणून नाही.

म्हातारी बराच वेळ काठावर बसून होती. गुप्ते धावत खाली गेला होता. परत आला तो सरळ नकला करायला बसला.

१२ नोव्हेंबर

गुप्त्याने आज सांगितलं. बाजेवर सुंदरा होती. म्हातारी म्हणजे मोतीबाई सुईण. कळा दोन दिवस चालू होत्या, मूल आडवं. नदीच्या मध्यावरच बाळंत झाली. मुलगी. रडली नाही.

सुंदरा जगली आहे, ताप आहे.

मी म्हटलं, मला काय माहीत बाजेवर कोण आहे ते? कोणी येऊन सांगितलं का? गुप्ते म्हणाला, "खणात मसुदा सापडला मला." एवढंच. पायरी सोडून बोलला असता तर रिपोर्ट करता आला असता.

आज चहा घेतला नाही. तो पाच-सात मिनिटांचा वेळ मी घड्याळात बघितला होता. का बघितला, ते आठवत नाही.

१५ नोव्हेंबर

नीट विचार केला. साकव असता तरी मूल आडवंच असतं. सुईण म्हणजे काही डॉक्टर नव्हे. आणि समज पत्र गेलं असतं, तरी मुंबईहून उत्तर यायला डिसेंबर उजाडला असता. म्हणजे माझ्या सहीने काहीच बदललं नसतं. हे मी गुप्त्याला समजावून सांगितलं. तो म्हणाला, "होय रावसाहेब." या पोराचं 'होय' मला आवडत नाही.

१८ जानेवारी १९४३

गेल्या महिन्यात कलकत्त्यावर खरोखरच बॉम्ब पडले, म्हणून आता आम्हाला मुंबईला परत बोलावलं आहे. सरकारच्या धैर्याची कमाल. सहाशे चाळीस रुमालांपैकी सहाशे एकतीस कोरडे. चौकच्या प्रधानाने एकशे दहा गमावले, असं कळतं.

मांडण्याही नेतो आहे. रजिस्टरात बावीस आहेत, मुंबईत बावीस उतरल्या पाहिजेत.

गाड्या भरताना बुधाजी आणि सुंदरा आले. पाणी आता मांडीइतकं आहे. बाई वाळली आहे, ओळखू येत नव्हती. बुधाजी नुसता गाड्यांकडे बघत राहिला. मी काही विचारलं नाही, आणि त्यानेही पत्राचं काय झालं ते विचारलं नाही. विचारेल म्हणून मी उत्तर तयार ठेवलं होतं.

सुंदराने सात नंबरच्या मांडणीकडे बोट केलं. "रावसाहेब, तेवडी फनीची फळी द्या. घराची खून हाय. बाकीचं ऱ्हाऊ द्या."

एक फळी. हिरामण तिथेच होता, पटाशी हातात घेऊन. दोन खिळ्यांचं काम. माझ्या तोंडात 'दे' आलं होतं, हे इथे लिहून ठेवतो. पण यादी दोन प्रतींत झाली होती, एक पुढे गेलीही होती, आणि एक फळी कमी असलेली मांडणी कोणत्या सदरात दाखवायची? मी म्हटलं, नाही देता येत.

तिला राग आला नाही. म्हणाली, "आमचा अर्ज त्येच मांडनीवर हाय ना?"

गुप्ते म्हणाला, "हो गं, वरच्याच फळीवर."

"मंग असू द्या. अर्जाखाली ऱ्हाऊ द्या," म्हणाली, आणि सासऱ्याचा हात धरून पाण्यात उतरली.

कर्जतपर्यंत गुप्ते माझ्या गाडीत बसला नाही. मागच्या गाडीत मांडण्यांबरोबर बसला.

२९ मार्च १९४३, मुंबई

सुपरिंटेंडेंट झालो. प्रधानाने येऊन हात मिळवला, चेहरा बघण्यासारखा होता. गुप्त्याने बदली मागून घेतली, मी लगेच दिली.

साहेबांचा पहिला हुकूम, दहा वर्षांवरच्या सगळ्या फायली निकालात काढा. पळसवाडीची समोर आली तेव्हा साहेब हसून म्हणाले, तू तर सात महिने त्या नदीवरच होतास, तुझाच अहवाल धरू. मी दोनदा लेखणी शाईत बुडवून पुसली. मग लिहिलं:

'स्थळपाहणी मी समक्ष केली. सदर जागी साकव अस्तित्वात नाही, व साकवाचे कोणतेही साहित्य जागेवर आढळले नाही. सबब त्यास खांब देण्याचा प्रश्न उद्भवत नाही. फाईल बंद.'

यात एक शब्द खोटा नाही. साहेबांनी खाली सही करून 'स्वच्छ' असा शेरा मारला. चौदा वर्षांची फाईल पाच मिनिटांत संपली.

रुमालात बांधून मीच नेऊन सात नंबरच्या मांडणीवर ठेवली. फळीवर फणी अजून दिसते, तो तुटका दातही. उद्या रंगाऱ्याला बोलावून बावीसच्या बावीस मांडण्यांना दोन हात द्यायला सांगायचं आहे. सातव्या नंबरला तीन.